गिअरबॉक्स उतरवण्याआधी: झिजलेला क्लच ओळखणे आणि बदलणे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला की क्लचची खरी परीक्षा सुरू होते. सपाट रस्त्यावर महिनोन्‌महिने न जाणवलेला दोष तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर उघडा पडतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर सरकतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही, आणि थोड्याच वेळात जळक्या कागदासारखा उग्र वास आत येऊ लागतो. अशा वेळी बहुतेक जण थेट गॅरेज गाठतात, तिथे ‘प्लेट गेली’ असे निदान दोन मिनिटांत होते आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली आलेला असतो. पुष्कळदा ते निदान बरोबर असते. मात्र केबलचा ताण चुकला असेल, इंजिनाला आधार देणारे रबरी माउंटिंग दबले असेल किंवा एखादे ऑइल सील गळत असेल, तरी क्लच जवळपास असाच वागतो, आणि मग नवा सेट टाकूनही तक्रार कायम राहते. म्हणून गिअरबॉक्सच्या पहिल्या बोल्टला पाना लावण्यापूर्वी अर्धा तास तपासणीसाठी द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे मी प्रामुख्याने पुढच्या चाकांवर चालणारी, केबलने क्लच ओढणारी छोटी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. मारुती ८००, अल्टो, वॅगन आर या गाड्यांमुळे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मेस्त्रींचा हात याच रचनेवर बसलेला आहे. केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचच्या बाबतीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

क्लचमधील चार भाग आधी नीट समजून घ्यावेत. इंजिनाच्या क्रँकला घट्ट बसवलेले फ्लायव्हील, त्याला बोल्टने जोडलेली प्रेशर प्लेट, या दोघांच्या मध्ये दाबली जाणारी, दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असलेली क्लच प्लेट, आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर येऊन टेकणारे रिलीज बेअरिंग. पाय पेडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेटमधील डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्या आत ढकलते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. आता अस्तर झिजून पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे थोडी अधिक सरकते आणि तिच्या पाकळ्यांची आतली टोके उलट दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे, बाहेर येतात. त्यामुळे प्लेट झिजते तसतसा पेडलचा मोकळा खेळ कमी होत जातो, क्लच अधिकाधिक वर सुटू लागतो आणि पेडल जडही होते. निदानाच्या वेळी गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा हे न कळल्यामुळे.

तपासणीची सुरुवात पेडलपासूनच करावी. इंजिन बंद ठेवून पेडल हाताच्या बोटांनी अलगद दाबावे. सुरुवातीला ते जवळजवळ जोर न लागता खाली जाते आणि मग एकदम विरोध जाणवतो; त्या दोन जागांमधील अंतर पट्टीने मोजावे. केबलच्या छोट्या गाड्यांत हा खेळ साधारण १५ ते २५ मिलिमीटर असावा लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो. खेळ अजिबात उरला नसेल, तर पाय काढल्यावरही रिलीज बेअरिंग पाकळ्यांवर दाब देतच राहते आणि चांगली प्लेटसुद्धा घसरू लागते. बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूचा केबलचा नट थोडा सैल करावा, खेळ मापात आणावा आणि गाडी पुन्हा चालवून पाहावी. एवढ्याने घसरणे थांबले, तर तूर्त गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण नाही. मात्र नटाचे समायोजन संपत आले असेल आणि खेळ तरीही मिळत नसेल, तर अस्तर संपल्याची ती भरवशाची खूण आहे. केबल आवरणात अडकत असेल तरी पेडल पूर्ण वर येत नाही, म्हणून पेडल दाबून सोडल्यावर ते स्वतःहून झटकन परत येते का, हेही पाहावे. हायड्रॉलिक क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे तिथे पेडलच्या खेळावरून झीज ओळखता येत नाही.

यानंतर घसरण्याची चाचणी घ्यावी. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने गाडी चालवत असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. क्लच शाबूत असेल तर आरपीएम आणि वेग हे दोन्ही हळूहळू, एकमेकांच्या प्रमाणात वाढतात. तो घसरत असेल तर आरपीएमचा काटा उडी मारतो आणि वेगाचा काटा मागे राहतो. ही चाचणी वरच्या गिअरमध्येच घ्यायची, कारण तिथे इंजिनावर भार जास्त येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धवट झिजलेला क्लचही तग धरतो. हॅंडब्रेक करकचून ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडण्याची पद्धतही प्रचलित आहे. क्लच पूर्ण सुटताच इंजिन बंद पडले तर पकड ठीक आहे, चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. तीनचार वेळा केली तर उरलेसुरले अस्तर तीच जाळून टाकते.

गिअर जड पडणे ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे कारण बहुधा झिजलेली प्लेट नसते. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील, पण चालू केल्यावर अडत असतील किंवा रिव्हर्स टाकताना करकर आवाज येत असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, असा त्याचा अर्थ. खात्रीसाठी इंजिन आयडलवर ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे, चारपाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दात भिडण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी रचना, नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर आवाज लपत नाही. याचे कारण खेळ जास्त झालेली वा ताणलेली केबल, हायड्रॉलिकमध्ये शिरलेली हवा, गळणारा मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर, यांपैकी काहीतरी निघते. कोकणात पावसाळ्याचे दोनतीन महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर गिअर अजिबात पडत नाही, हा प्रकारही यातलाच. दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील, तर क्लचला हात न लावता गिअर लीव्हरच्या केबल किंवा जोडण्या तपासाव्यात.

गाडी जागेवरून पुढे काढताना थरथरत असेल तर आधी इंजिनाची रबरी माउंटिंगे पाहावीत, कारण ती बाहेरूनच दिसतात आणि स्वस्तात बदलता येतात. ती ठीक असतील, तर अस्तरावर तेल गेले आहे किंवा फ्लायव्हीलवर तापून कडक डाग पडले आहेत, असे समजावे. आवाजाचा नियम सोपा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग संपले आहे, आणि पाय काढल्यावर येणारी घरघर पेडल दाबताच थांबत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये आहे. हा दुसरा दोष क्लच सेट बदलून कधीही जाणार नाही.

काम हाती घेण्यापूर्वी

हे काम दोन माणसांचे आहे. गिअरबॉक्स छोट्या गाडीचा असला तरी गाडीखाली आडवे पडून एकट्याने पेलण्याजोगा नसतो, आणि तो हातातून सुटला तर होणारी इजा गंभीर असते. सपाट, सिमेंटची जागा, भक्कम जॅक, उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या चांगल्या दोन घोड्या, सॉकेटचा संच आणि टॉर्क रेंच एवढे जवळ नसेल, तर निदान स्वतः करावे आणि काम जाणत्या मेस्त्रीकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. पुढे दिलेले तपशील तिथेही उपयोगी पडतील. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, क्षणभरासाठीही, शिरू नये.

क्लच सेट घेताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकत्र बदलावेत. मजुरीचा मोठा हिस्सा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात जातो, त्यामुळे जुने बेअरिंग ठेवून वाचवलेले पैसे खरे वाचत नाहीत. कंपनीचा मूळ भाग किंवा वॅलिओ, लूक, एक्सेडी अशा माहितीतल्या बनावटीचा सेट पक्क्या बिलावर घ्यावा, कारण हुबेहूब खोक्यातला नकली मालही बाजारात मिळतो. सोबत क्रँकचे मागचे सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील, अ‍ॅक्सलची दोन्ही सील, हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, नवे नट आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे गिअर ऑइल आणून ठेवावे.

गिअरबॉक्स उतरवणे

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी, बॅटरीची ऋण वायर काढावी आणि गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट व हबचे मोठे नट सैल करून घ्यावेत. गाडी उचलल्यावर हबचे नट सहसा दाद देत नाहीत. त्यानंतर गाडी घोड्यांवर घ्यावी. गिअर ऑइल काढण्यापूर्वी आधी ते भरण्याचा बोल्ट उघडतो का, हे पाहावे. खालचा बोल्ट काढून तेल सांडून बसलो आणि वरचा गंजून जाम झालेला निघाला, तर काम संपल्यावर तेल भरायला वाटच राहत नाही.

वरून बॅटरी आणि आड येत असल्यास एअर फिल्टरचे खोके काढावे. मग क्लच केबल, गिअरच्या केबल किंवा रॉड, रिव्हर्सच्या दिव्याच्या स्विचची वायर, वेगाच्या सेन्सरची वायर, अर्थिंगची पट्टी आणि स्टार्टर मोटर या क्रमाने सोडवत जावे. प्रत्येक जोडणी सोडवण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो घ्यावा. गिअरबॉक्सचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात, म्हणून एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची गोल आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे तरी जातात किंवा घर तडकते.

दोन्ही बाजूंचे खालचे बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढावा आणि अ‍ॅक्सल गिअरबॉक्समधून टॉमीने (लोखंडी पहारीने) अलगद उचकून काढावे. अ‍ॅक्सलला धरून हिसका देऊ नये, कारण त्याने आतला जॉइंट निसटतो. काढलेले अ‍ॅक्सल लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावेत. आता इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा हलका आधार द्यावा. जॅक थेट ऑइल सम्पला लावला तर पत्रा चेपतो. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली घ्यावा, गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग सोडावे आणि बेलहाऊसिंगचे, म्हणजे क्लचवर बसणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट काढून गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ रेषेत मागे ओढावा. इनपुट शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचे वजन त्याच्यावर येऊ देऊ नये.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा फेरा सैल करत जावेत. एका बाजूचे बोल्ट आधी पूर्ण काढले तर स्प्रिंगच्या ताणाने कव्हर वाकते. शेवटचा बोल्ट निघताना आतली प्लेट खाली पडते, म्हणून तिच्याखाली हात तयार असावा. बेलहाऊसिंगमध्ये साचलेली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या किंवा अनोळखी बनावटीच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. मास्क लावावा आणि ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती पुसून घ्यावी.

उघडल्यावर काय पाहावे

या टप्प्यावर घाई करू नये. क्लच प्लेट उजेडात धरावी. अस्तराच्या पृष्ठभागापासून आत बसलेल्या रिव्हेटच्या डोक्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजावे. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी उरले असेल तर प्लेट संपली आहे. रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हीलवर गोल चर कोरले गेले असतील, तर गाडी बरेच दिवस तशीच ओढली गेली, हे उघड आहे. अस्तर भरपूर शिल्लक असूनही काळपट, काचेसारखे चकाकत असेल, तर ते तेलाने किंवा हाफ क्लचच्या उष्णतेने मेले आहे. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवून पाहावी. ती विनासायास पुढे-मागे सरकायला हवी.

बेलहाऊसिंगच्या आत ओल दिसली, तर ती कशाची आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोटावर घेऊन चोळून वास घ्यावा. इंजिन ऑइल पातळ व काळे असते आणि ते क्रँकच्या मागच्या सीलमधून येते. गिअर ऑइल दाट, चिकट असते, त्याला गंधकासारखा तीव्र वास येतो आणि ते इनपुट शाफ्टच्या सीलमधून येते. हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. माझ्या पहिल्या गाडीचा क्लच बदलताना फ्लायव्हीलच्या खालच्या बाजूला, बोटाने पुसली जाईल एवढीच तेलकट रेघ होती. गिअर ऑइल काढताना थोडे सांडले असेल असे समजून मी ती फडक्याने पुसली आणि नवा सेट बसवला. सातव्या महिन्यात गाडी जागेवरून पुढे काढताना थरथरू लागली. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा नव्या प्लेटचे अस्तर कडेने काळे पडून तेलाने भिजलेले होते आणि क्रँकच्या सीलची ओठासारखी कड कडक होऊन एका जागी चिरलेली होती. सेटच्या मानाने किरकोळ किमतीच्या त्या सीलपायी सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागले. तेव्हापासून गिअरबॉक्स खाली आला की ओल असो वा नसो, ही दोन सील मी बदलतोच, आणि तुम्हीही बदलावीत असेच सुचवेन.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग नखाने चाचपावा. नुसती चकाकी असेल तर पॉलिश पेपरने तिरकस रेघा मारून ती घालवावी आणि ब्रेक क्लीनरने पृष्ठभाग पुसून घ्यावा. नखाला लागणारे चर किंवा निळसर डाग असतील तर फ्लायव्हील काढून लेथवर स्किम करून, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करून, घ्यावे, तेही निर्मात्याने परवानगी दिलेल्या मर्यादेतच. केसासारख्या तडा असतील तर ते बदलण्याला पर्याय नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांतील दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील स्किम करता येत नाही. त्यात खेळ वाढला असेल तर ते बदलावेच लागते आणि खर्च मोठा असतो, याची कल्पना गाडीमालकाला आधीच द्यावी. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या रिलीज फोर्कची टेकण्याची जागा झिजली आहे का, हेही याच वेळी पाहावे.

जोडणी

नवी प्लेट खोक्यातून काढल्यावर आधी जुन्या प्लेटशेजारी ठेवून व्यास आणि मधल्या दात्यांची संख्या ताडून घ्यावी, आणि ती इनपुट शाफ्टवर सरकवून पाहावी. प्रेशर प्लेटच्या पृष्ठभागावर गंज धरू नये म्हणून लावलेले तेल असते. ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढावे. हात स्वच्छ ठेवावेत, कारण अस्तरावर उमटलेला ग्रीसचा ठसाही पुढे थरथरीला कारण होतो. शाफ्टच्या दात्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, प्लेट एकदा सरकवून काढावी आणि कडेला आलेले ग्रीस पुसून टाकावे.

प्लेटला दिशा असते. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग असलेला फुगीर मधला भाग गिअरबॉक्सकडे येतो आणि दुसऱ्या बाजूवर फ्लायव्हीलची बाजू असल्याची खूण छापलेली असते. उलटी बसवलेली प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टवर टेकते आणि क्लच सुटत नाही. मध्य साधण्याचे हत्यार प्लेटमधून फ्लायव्हीलच्या मध्यभागी घालून प्रेशर प्लेट तिच्या खुंट्यांवर बसवावी आणि बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे-थोडे आवळत न्यावेत. आठ मिलिमीटरच्या या बोल्टचा टॉर्क सहसा २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. शेवटी हत्यार सहज आत-बाहेर होत असेल तर मध्य बरोबर साधला आहे.

गिअरबॉक्स चढवताना त्याचे तोंड इंजिनाच्या तोंडाला समांतर ठेवणे हीच खरी कसोटी आहे. शाफ्ट दात्यांत शिरत नसेल तर गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून, अ‍ॅक्सलच्या जागेतून थोडा फिरवत दात जुळवावेत. दोन्ही तोंडे हाताने पूर्ण भिडली पाहिजेत. मध्ये बोटभर फट असताना ती बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. तसे केले तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेलहाऊसिंगचा कान तुटतो. फट मिटत नसेल तर गिअरबॉक्स मागे घ्यावा आणि प्लेटचा मध्य पुन्हा तपासावा.

बाकीची जोडणी काढण्याच्या उलट क्रमाने करावी. अ‍ॅक्सल नव्या सीलमधून बसवताना सीलची कड मुडपणार नाही हे पाहावे आणि आतली रिंग खट्‌ आवाजाने बसली, याची खात्री करावी. हबचे नवे नट पुस्तिकेतील टॉर्कने आवळून त्यांची कड ठोकून बंद करावी. गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत भरावे. छोट्या गाडीला ते दोन लिटरांच्या आसपास लागते. हायड्रॉलिक क्लच असेल तर हवा काढून ब्रेक फ्लुइडची पातळी बघावी, आणि स्लेव्ह सिलिंडर बेलहाऊसिंगच्या आत असेल तर तो गिअरबॉक्स खाली असतानाच नवा बसवून घ्यावा.

पेडल पंधरा-वीस वेळा दाबून सोडावे, मग मोकळा खेळ मोजून केबलचा नट लावावा. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत, नंतर इंजिन चालू करून चारपाच सेकंद पेडल दाबून रिव्हर्स टाकावा. तो आवाज न करता पडायला हवा. पहिले ५०० किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवावी, चढावर हाफ क्लचवर न धरता हॅंडब्रेकवर उभी करावी आणि भरलेली गाडी घाटात नेणे टाळावे, म्हणजे नवे अस्तर फ्लायव्हीलवर सर्व बाजूंनी सारखे बसते. तेवढे अंतर झाल्यावर पेडलचा खेळ पुन्हा मोजावा, नट तेव्हा थोडा सरकवावा लागू शकतो, आणि बेलहाऊसिंगच्या खालच्या सांध्यावर कोरडे फडके फिरवून ते कोरडेच परत येते का, हे पाहावे.